जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा आणि विमुक्त समाज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१८७१ च्या ‘गुन्हेगार जमाती कायद्या’वर बोलायला लागल्यापासून मला तेच तेच प्रश्न येत राहतात. काही स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचे असतात, काही शिक्षकांचे. सर्वांत जास्त येतात ते याच समाजांतल्या तरुण मुलामुलींचे. त्यांच्या घरात आजोबांच्या ‘शेटलमेंट’चं, म्हणजे या कायद्याखाली कुटुंबांना डांबून ठेवायच्या कुंपणातल्या वसाहतीचं, नाव निघतं आणि पुढे कोणी बोलत नाही. प्रश्न शक्य तितके त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा न सांगता तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा कायदा नेमका काय होता? दोन वाक्यांत सांगाल का?

१८७१ साली ब्रिटिश सरकारने केलेल्या या कायद्याने एखाद्या अख्ख्या जमातीला ‘गुन्हेगार जमात’ म्हणून जाहीर करता येत असे. एकदा जाहीर झाली की त्या जमातीत जन्मलेल्या माणसाने काही केलं असो वा नसो, त्याची नोंद पोलिसांच्या रजिस्टरात होई, त्याला हजेरी द्यावी लागे आणि परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे.

तिसरं वाक्यही लिहायलाच हवं: सरकारच्या या घोषणेला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही, असं कायद्यातच लिहिलेलं होतं.

२. विमुक्त आणि भटके हे एकच ना? व्हीजेएनटी (विमुक्त जाती, भटक्या जमाती) असंच म्हणतात की.

नाही. ज्या जमाती या कायद्याखाली जाहीर झाल्या होत्या आणि कायदा रद्द झाल्यावर त्यातून सुटल्या, त्या विमुक्त. भटक्या म्हणजे पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या जमाती, मग त्यांच्यावर हा शिक्का बसलेला असो वा नसो. गोंधळी, वासुदेव, डवरी गोसावी, बहुरूपी हे भटके. रामोशी पिढ्यान् पिढ्या गावाला धरून राहिलेले, पण विमुक्त. पारधी भटकेही होते आणि विमुक्तही.

महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) या प्रवर्गात चौदा नावं आहेत: बेरड, बेस्तर, भामटा, कैकाडी, कंजारभाट, कटाबू, बंजारा, पाल पारधी, राज पारधी, राजपूत भामटा, रामोशी, वडार, वाघरी आणि छप्परबंद. त्यांना ३ टक्के आरक्षण आहे. भटक्या जमातींचे ब, क, ड असे गट वेगळे. या यादीबाहेरच्या विमुक्तांबद्दल प्रश्न १५ पाहा.

३. इंग्रजांना असा कायदा करावासा का वाटला? त्यांच्या देशात तर कायद्याचं राज्य होतं.

याची मुळं १८७१ च्या बरीच आधी सापडतात. १८३० च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांविरुद्धची मोहीम चालवली. त्या मोहिमेसाठी कंपनी सरकारने १८३६ मध्ये एक कायदा केला. अमुक माणसाने अमुक खून केला हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही, तो ठगांच्या टोळीतला आहे एवढं सिद्ध झालं तरी जन्मठेप देता येऊ लागली. कृत्याऐवजी ‘तू कोणातला’ हा प्रश्न न्यायालयात आला तो इथे. टोळीत माणूस निदान स्वतःहून सामील होतो. पस्तीस वर्षांनी टोळीच्या जागी जमात आली, आणि जमातीत कोणी सामील होत नाही.

मधे १८५७ घडून गेलं होतं. त्या वर्षी लोकांची हत्यारं काढून घेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी शस्त्रं खाली ठेवायला नकार दिला आणि लढून मेले. हातात हत्यार असलेला, रानवाटा माहीत असलेला, एका जागी न राहणारा माणूस सरकारला धोक्याचा वाटू लागला. सारा गोळा करणारं राज्य जमिनीला बांधलेल्या माणसावर चालतं. पालं उचलून निघून जाणाऱ्याचा सातबारा नसतो.

कायदा मांडताना वापरलेली युक्तिवादाची तऱ्हा मात्र आपल्याच घरातून उचललेली होती. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर, मग चोराचा मुलगा चोरच होणार, असा तो विचार. जातिव्यवस्थेबद्दल पुस्तकी समज असलेल्या परक्या अधिकाऱ्यांना तो पटला, आणि आपल्याकडच्या कितीतरी प्रतिष्ठितांनाही पटला. हे दुसरं मला जास्त लागतं.

इंग्लंडमध्ये १८६९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा झाला होता. तिथे पोलिसांची नजर मागे लागायला आधी न्यायालयात गुन्हा शाबीत व्हावा लागे. इथे जन्म पुरेसा होता.

४. हे लोक आधी काय करत होते? चोरीशिवाय त्यांना धंदा नव्हता असं आमच्या गावात सांगतात.

गावात सांगतात ते चूक आहे. या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यायला हवं, कारण इथेच सगळी गोष्ट उलगडते.

बंजाऱ्यांचे तांडे शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर वाहतूक करत. मोगलांच्या फौजा त्यांच्या धान्यावर चालल्या, मराठ्यांच्या चालल्या. खुद्द कंपनीच्या फौजांनी टिपूविरुद्धच्या आणि मराठ्यांविरुद्धच्या मोहिमांत बंजाऱ्यांकडूनच रसद घेतली. पुढे पक्के रस्ते झाले, १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली, १८६३ मध्ये ती बोरघाट चढून गेली. बैलाच्या पाठीवरचं मीठ आगगाडीच्या डब्यात गेलं. मद्रास इलाख्यातल्या कोरवांचं हेच झालं. ते किनाऱ्यावरचं मीठ आत नेऊन धान्याशी अदलाबदल करत. आपल्याकडच्या कैकाड्यांचं त्यांच्याशी नातं सांगितलं जातं. कैकाडी टोपल्या, कणग्या विणत.

रामोशी गावाची राखण करत आणि गडांवर पहारा देत. रात्रीची गस्त, चोराचा माग काढणं, गडाच्या घेऱ्यातली चौकी ही त्यांची कामं, आणि त्याबद्दल त्यांना इनाम-हक्क होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, गड मोडले गेले, पहारे बंद झाले आणि हक्क काढून घेण्यात आले. पुरंदर परिसरातल्या उमाजी नाईकांचं बंड हे या हिरावून घेण्याला दिलेलं उत्तर होतं. त्यांना १८३० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात फाशी दिलं. ज्यांच्या भरवशावर गाव झोपत होतं, त्यांचीच नावं पुढे हजेरीपटावर चढली.

पारधी फासे लावून शिकार करत. शेतकऱ्याच्या पिकाची नासाडी करणारी हरणं, तितर, लावे ते धरत. १८७८ च्या वन कायद्याने जंगल सरकारचं झालं. वडार दगड फोडत, विहिरी खणत, मातीकाम करत. ज्या रेल्वेने बंजाऱ्यांचा धंदा नेला, तिच्या भरावाची माती वडारांनी वाहिली. छप्परबंदांबद्दल असं सांगतात की ते मोगली फौजेबरोबर फिरून छावणीवर छपरं शाकारत. फौज गेली, काम गेलं.

प्रत्येक जमातीचं नाव घ्या आणि तिचा धंदा कोणत्या साली, कोणत्या हुकुमाने किंवा कोणत्या यंत्राने बुडाला ते शोधा. बहुतेकदा उत्तर सापडतं, आणि बहुतेकदा ते कायद्याच्या आधीच्या दोन-तीन पिढ्यांतलं असतं.

५. महाराष्ट्रात हा कायदा १८७१ पासूनच होता का?

नाही. सुरुवातीला तो वायव्य प्रांत आणि अवध (मिळून साधारण आजचा उत्तर प्रदेश) आणि पंजाबात लागू झाला आणि १८७६ मध्ये बंगालात गेला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात तो लागू करण्याची सोय १९११ च्या नव्या कायद्याने झाली. १९२४ मध्ये सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून पुन्हा कायदा केला गेला. तेव्हा ‘आमच्या आजोबांना १८७१ मध्ये सोलापुरात डांबलं’ असं कोणी लिहिलं तर साल तपासा. सोलापूरची गोष्ट विसाव्या शतकातली आहे.

६. आमचा भाग निजामाच्या राज्यात होता. इंग्रजांचा कायदा तिथे कसा?

इंग्रजांचा नव्हता. हैदराबाद संस्थानाने याच धर्तीवर स्वतःचा कायदा केला होता. इतरही कितीतरी संस्थानांनी केला. मराठवाड्यातल्या कुटुंबांनी कागद शोधताना मुंबईच्या दफ्तरात वेळ घालवू नये, निजामाच्या दफ्तरात पाहावं. विदर्भ मध्य प्रांतात होता, त्यामुळे तिथल्या नोंदी तिसऱ्याच ठिकाणी.

७. नोंद झालेल्या माणसाचा दिवस कसा जात असे?

हजेरीने सुरू होई आणि हजेरीने संपे. पाटलासमोर किंवा चौकीवर ठरल्या वेळी उभं राहायचं. काहींना रात्रीही एक-दोनदा उठून हजेरी द्यावी लागे. १९११ नंतर नोंदीबरोबर बोटांचे ठसे घेण्याची तरतूद आली. पावणेरावळे, बाजार, लग्न, मयत, कशासाठीही हद्द ओलांडायची तर पास हवा. पास नसताना सापडला तर वॉरंटशिवाय अटक. हजेरी चुकली तर कैद किंवा दंड, आणि जुन्या कायद्यात फटकेही. गावात नवा भटका माणूस दिसला, नोंदलेला माणूस गायब झाला, तर कळवण्याची जबाबदारी पाटलावर आणि गावच्या पहारेकऱ्यावर.

रात्री चौकीवर हजेरी असलेल्या माणसाला रात्रपाळीची मजुरी मिळत नाही. पास घेऊन कामाला गेलेल्याला मालक ओळखतो ते त्या पासावरून. म्हणून कायद्याने सुधारायचं ठरवलेल्या माणसाचं प्रामाणिक काम पहिल्यांदा बुडत असे.

शिक्षाही इतरांपेक्षा जड. पुढच्या दुरुस्त्यांनंतर ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरलेल्याला किमान सात वर्षं आणि तिसऱ्यांदा जन्मठेप काळं पाणी, अशी तरतूद होती. त्याच गुन्ह्यासाठी शेजारच्या जातीतल्या माणसाला काही महिने झाले असते.

८. सेटलमेंट म्हणजे तुरुंगच होता ना?

तुरुंगात किती वर्षं काढायची ते निकालात लिहिलेलं असतं. सेटलमेंटमध्ये कुटुंबच्या कुटुंब जाई आणि कधी सुटणार हे कोणालाच माहीत नसे.

मुंबई इलाख्यात या कामाची घडी बसवली ती ओ. एच. बी. स्टार्ट या आय.सी.एस. अधिकाऱ्याने, विजापूरकडे सुरुवात करून. नंतर सोलापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी वसाहती झाल्या. तारांचं कुंपण, आत चाळी, शाळा, हजेरीचं मैदान. सोलापूर, हुबळी, गदग ही गिरण्यांची गावं आहेत हे लक्षात घ्या. सेटलमेंटमधली माणसं सकाळी मोजून बाहेर काढली जात, गिरणीत कामाला जात आणि संध्याकाळी मोजून आत घेतली जात. संप करून गाव सोडण्याची सोय नसलेला मजूर गिरणीमालकाला मिळाला. सोलापूरच्या काही वसाहती काही काळ अमेरिकन मराठी मिशनने चालवल्या. उत्तरेत आणि मद्रासकडे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेने.

वागणूक चांगली ठरलेल्या कुटुंबांना कुंपणाबाहेर घर मिळे. सोलापुरातल्या ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ या नावात तो ‘फ्री’ अजून आहे. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना तिथली पोरं रोज ते नाव घेतात.

आतल्या शाळेत शिकून पुढे शिक्षक, कारकून झालेले लोक आहेत, आणि काही वृद्ध सेटलमेंटबद्दल आपुलकीने बोलायचे हेही खरं आहे. त्यांचं बोलणं खोडून काढू नका. कुंपणाच्या आत निदान रोजचं काम होतं आणि गावचा पाटील मारायला येत नव्हता. बाहेरचं जग त्यांच्याशी कसं वागत होतं, याचाच तो दाखला आहे.

९. मुलांना आईबापांपासून वेगळं करत हे खरं का?

खरं आहे. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून वेगळ्या सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. ‘गुन्हेगारीचं वळण’ पुढच्या पिढीत जाऊ नये, हा हेतू सांगितला गेला. चार वर्षांच्या पोराने काय गुन्हा शिकायचा असतो, याचं उत्तर मला कोणत्याही अहवालात मिळालेलं नाही.

१०. या कायद्यात तृतीयपंथीयांचा उल्लेख होता असं ऐकलं. बरोबर?

बरोबर. १८७१ च्या कायद्याच्या नावातच गुन्हेगार जमातींबरोबर ‘युनक’ हा शब्द होता आणि दुसरा भाग त्यांच्यासाठीच होता. त्यांची आणि त्यांच्या मालमत्तेची यादी ठेवली जाई. नोंदलेल्या व्यक्तीने बाईचा पोशाख किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसणं, सार्वजनिक ठिकाणी नाचणं-गाणं याला दोन वर्षांपर्यंत कैद होती. १९११ च्या कायद्यात हा भाग राहिला नाही. समाजाच्या मनात बसलेला संशय मात्र राहिला.

११. काही झालं तरी त्यांतले काही लोक चोऱ्या करतच होते ना? तेवढं तरी मान्य करा.

मान्य आहे. चोऱ्या होत होत्या, दरोडे पडत होते, आणि काही कुटुंबांत ती कला बापाकडून मुलाकडे जात होती. विमुक्त समाजातल्या लेखकांनी आपल्या आत्मकथनांत ते कोणतीही सारवासारव न करता लिहिलं आहे.

आता दुसरी बाजू. पाटलाच्या घरातल्या एका भावाने दरोडा घातला म्हणून सगळ्या भावकीच्या बोटांचे ठसे कधी घेतले गेले नाहीत. शिवाय आकड्यांकडे जपून पाहा. हजेरी चुकणं, पास नसणं, हद्दीबाहेर सापडणं हे सगळे या कायद्यानेच निर्माण केलेले गुन्हे होते. आजारी बहिणीला भेटायला गेलेला माणूसही सरकारी तक्त्यात ‘गुन्हेगार’ म्हणून चढला, आणि तोच तक्ता पुढे ही जमात किती गुन्हेगार आहे याचा पुरावा झाला. चोरी झाली की खरा चोर शोधण्याचा त्रासही वाचला, कारण पकडायला तयार यादी टेबलावर होती. पोट भरायचे मार्ग बंद झाल्याबद्दल प्रश्न ४ आणि ७ एकत्र वाचा.

१२. मग इंग्रजांच्या आधी सगळं गोडीगुलाबीचं होतं का?

नव्हतं. या जमाती गावकुसाबाहेरच होत्या. त्यांच्याकडे संशयाने पाहिलं जाई आणि पकडलेल्या दरोडेखोराला मिळणारी शिक्षा क्रूर असे. पण त्या व्यवस्थेत त्यांना काम होतं आणि जबाबदारीही होती. गावात चोरी झाली तर राखणदार रामोशाने माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला तर तिथून पुढे त्या गावाने. माग लागला नाही तर भरपाईचा बोजा राखणदारावर. त्यात जाच होता, पण विश्वासही होता. जन्मलेल्या प्रत्येक पोराचं नाव सरकारी रजिस्टरात चढवून त्याला आयुष्यभर नजरकैदेत ठेवणारी यंत्रणा मात्र इंग्रजांनीच आणली. ती पोसायला लागणारा तिरस्कार आपल्याकडे आधीपासून साठवलेला होता, हे प्रश्न ३ मध्ये आलंच आहे.

१३. या लोकांनी कधी विरोध केला नाही का?

केला. सर्वांत रक्तरंजित प्रसंग तामिळनाडूतला आहे. मदुराई जिल्ह्यातल्या कळ्ळर समाजाला नोंद आणि ठसे देण्याची सक्ती झाली. पेरुंगामनल्लूर गावाने नकार दिला. ३ एप्रिल १९२० रोजी पोलिसांनी गोळीबार केला. सोळा माणसं मेली, त्यांत एक स्त्री होती. आपल्या पाठ्यपुस्तकांत वर्षभरापूर्वीचं जालियनवाला बाग आहे आणि असायलाच हवं. पेरुंगामनल्लूर मात्र महाराष्ट्रात मी विचारलेल्या एकाही शिक्षकाला ठाऊक नव्हतं.

रोजचा विरोध याहून साधा होता: रात्रीतून बिऱ्हाड उचलून दुसऱ्या संस्थानाच्या हद्दीत जाणं, नाव बदलणं, जात बदलून सांगणं. आज जातीचा दाखला काढताना ही बदललेली नावंच आडवी येतात (प्रश्न १८).

१४. विमुक्त दिन ३१ ऑगस्टला का? मुंबईत तर कायदा १९४९ मध्येच गेला असं वाचलं.

दोन्ही खरं आहे. मद्रास प्रांताने १९४७ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९४९ मध्ये आपापल्यापुरता कायदा रद्द केला. केंद्राने अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने १९५० मध्ये कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर रद्द झाला. १५ ऑगस्ट १९४७ पासून मोजलं तर पाच वर्षं सोळा दिवस. विमुक्तांच्या सभांत हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. राज्यघटना लागू होऊन अडीच वर्षं उलटली तरी कायद्यापुढे समानतेचं कलम आणि जन्माने गुन्हेगार ठरवणारा कायदा एकाच देशात नांदत होते.

१५. कैकाडी एका जिल्ह्यात अनुसूचित जाती, दुसऱ्यात विमुक्त. बंजारा शेजारच्या राज्यात वेगळ्याच यादीत. हा काय घोळ आहे?

घोळाचं कारण असं की राज्यघटनेत विमुक्तांसाठी वेगळी अनुसूची झालीच नाही. कायदा रद्द झाला तेव्हा अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या आधीच लागल्या होत्या. ज्या राज्याला जे सुचलं त्या खणात जमाती टाकल्या गेल्या.

कैकाडी विदर्भातल्या जिल्ह्यांत अनुसूचित जातीत आहेत, उरलेल्या महाराष्ट्रात विमुक्त जातीत. लग्न करून अकोल्याहून पुण्याला आलेल्या मुलीच्या माहेरचा आणि सासरचा प्रवर्ग वेगळा. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त, कर्नाटकात अनुसूचित जाती, तेलंगणात लंबाडा या नावाने अनुसूचित जमाती. पाल पारधी आणि राज पारधी विमुक्तांत, फासे पारधी अनुसूचित जमातीत. मांग गारुडी या कायद्याखाली भरडले गेले, पण ते अनुसूचित जातींच्या यादीत असल्यामुळे ‘विमुक्त’ म्हणून त्यांची आठवण सहसा निघत नाही.

विमुक्त-भटक्यांच्या प्रश्नांसाठी केंद्राने रेणके आयोग नेमला, त्याचा अहवाल २००८ मध्ये आला. नंतर इदाते आयोग आला. दोन्ही आयोगांचे अध्यक्ष महाराष्ट्रातले. रेणके आयोगाने देशातल्या विमुक्त-भटक्यांची संख्या दहा कोटींच्या वर धरली होती. हा अंदाज आहे, कारण १९३१ नंतर त्यांना जमातवार मोजलेलंच नाही. म्हणून केंद्राने २०२५ मध्ये जाहीर केलेल्या जातनिहाय गणनेत आपला स्वतंत्र रकाना असावा, ही विमुक्तांची मागणी आहे. ती मला पूर्णपणे रास्त वाटते.

१६. कायदा गेला, मग पोलीस अजूनही आधी पारध्यांच्याच पालावर का जातात?

कायद्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. महाराष्ट्रातला मुंबई सराईत गुन्हेगार अधिनियम १९५९ चा. कागदावर तो व्यक्तीला लागू होतो, जमातीला नाही, आणि त्यासाठी आधीची शिक्षा लागते. पण जुनं रजिस्टर आणि जुनी सवय त्याच पोलीस ठाण्यात राहिली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली हे कायदे रद्द करा असं सुचवलं. १९९८ मध्ये पश्चिम बंगालात पुरुलियाच्या बुधन शबरचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी देशपातळीवर आवाज उठवला.

३ ऑक्टोबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार) यातलं महत्त्वाचं पाऊल आहे. तुरुंग नियमावल्यांत जातीवरून कामं वाटणारी आणि विमुक्तांना सराईत गुन्हेगार धरणारी कलमं न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये अशी ताकीदही पोलिसांना दिली. तुमच्या ओळखीच्या कोणाला नुसत्या जातीवरून उचललं तर वकिलाला या निकालाचं नाव जरूर सांगा.

संशय पोलिसांपुरता नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे डवरी गोसावी होते. त्यांच्यावर हा कायदा कधी लागलेला असो वा नसो, अनोळखी भटका म्हणजे चोर ही समजूत त्यांच्या जिवावर उठली.

१७. ‘भामटा’, ‘बेरड’ हे शब्द शिवी म्हणून वापरणं चूक का? सगळेच वापरतात.

कारण ती माणसांची नावं आहेत. भामटा या नावाचा समाज आहे, बेरड या नावाचा समाज आहे, आणि शाळेच्या दाखल्यावर ते नाव लिहिलेली मुलं तुमच्या मुलांच्या वर्गात आहेत. वर्तमानपत्राने ‘भामट्याने वृद्धेला लुबाडलं’ असा मथळा दिला की ते मूल तो वाचतं. ‘ठकवणारा’, ‘लुबाडणारा’, ‘निगरगट्ट’ असे शब्द मराठीत भरपूर आहेत. गेली काही वर्षं मी लिहिताना या दोन शब्दांशिवाय चालवतो आहे. एकदाही अडलेलं नाही.

जातपंचायतीबद्दलही लोक विचारतात, ती पण इंग्रजांची देणगी का? नाही, ती आधीपासून आहे. न्यायालय आणि पोलीस परके झाले तशी तिची पकड घट्ट झाली. तिचा जाच विमुक्तांतल्याच तरुणांनी उघड केला. २०१८ मध्ये कंजारभाट समाजातल्या मुलामुलींनी कौमार्य चाचणीविरुद्ध मोहीम चालवली आणि त्याची किंमतही मोजली. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा महाराष्ट्राचा कायदा अशा वेळी उपयोगी पडतो.

१८. माझे पणजोबा सेटलमेंटमध्ये होते. जातीच्या दाखल्यासाठी पुरावा मागतात, आमच्याकडे एकही कागद नाही. काय करावं?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि वाचताना दर वेळी तितकाच त्रास होतो. ज्या घराण्याच्या दहाही बोटांचे ठसे सरकारने जपून ठेवले होते, ज्यांची रोज दोनदा मोजदाद होत होती, त्यांच्याच नातवंडांना आज ‘तुम्ही कोण, सिद्ध करा’ असं सांगितलं जातं.

महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही मानीव तारीख आहे. म्हणजे त्या दिवशी किंवा त्याआधी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं, असं दाखवावं लागतं. शोध या क्रमाने घ्या. आधी आजोबा, चुलत आजोबा, आत्या यांपैकी कोणीही शाळेत गेलं होतं का ते विचारा. सेटलमेंटच्या आत शाळा होत्या, त्यामुळे निर्गम उतारा (शाळेच्या दाखल-खारीज नोंदीची नक्कल) मिळण्याची शक्यता इतर भटक्या कुटुंबांपेक्षा तुमची जास्त आहे. मग गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, गिरणीतला नोकरीचा कागद, वसाहतीतल्या जागेचा उतारा. मुंबई इलाख्याच्या कारभाराची जुनी कागदपत्रं मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आहेत. तिथे अर्ज करताना वसाहतीचं नाव आणि अंदाजे साल लिहा, नुसतं आडनाव लिहू नका. निजामाच्या मुलखातल्यांनी प्रश्न ६ पाहावा.

नावं जुळत नसतील तर घाबरू नका. अर्जासोबत वंशावळ आणि नाव का बदललं याचं प्रतिज्ञापत्र जोडा. आणि घरातलं सर्वांत म्हातारं माणूस अजून आहे तोवर त्याच्याजवळ बसून वसाहतीचं नाव, चाळीचा क्रमांक, हजेरी घेणाऱ्या अंमलदाराचं नाव, गिरणीचा खाता, जे आठवेल ते सगळं आजच लिहून घ्या.